गलबतांची गोदी आणि माणसाचा विसावा

विजयदुर्ग पाहावयास येणारे बहुतेक लोक किल्ल्याची तिहेरी तटबंदी पाहतात, बुरुजावर उभे राहून समुद्राकडे दृष्टी टाकतात आणि परत फिरतात. वाघोटनच्या खाडीने थोडे आत गेल्यावर गिर्ये गावाच्या बाजूस मराठी आरमाराची जुनी गोदी आहे. तिच्याकडे मात्र फारच थोड्यांची पावले वळतात. विद्यार्थिमित्रहो, या पाठासाठी आम्ही तीच निवडली आहे. विषय आहे विसावा. तो ऐकताच कित्येकांस हसू येईल, कारण विसावा शिकावयास पाठ कशाला हवा, असे प्रत्येकास वाटते. परंतु सकाळी साडेपाचास उठून रात्री साडेअकरापर्यंत पुस्तकात डोके खुपसून बसणारी मुले आणि त्यांच्याही आधी उठून त्यांच्या मागून निजणाऱ्या त्यांच्या माता यांच्याकडे पाहिले म्हणजे ही विद्या आपल्यातून जवळजवळ लोपली आहे, असे आम्हांस वाटू लागते.

प्रथम गोदीविषयी. आंगऱ्यांच्या काळात ती खडक फोडून तयार केली गेली. लांबी सुमारे साडेतीनशे फूट असून तिचे तोंड खाडीकडे आहे. भरतीच्या वेळी गुराबा आणि गलबते आत आणावयाची, ओहोटीने पाणी उतरले की तोंड बंद करावयाचे, म्हणजे जहाज कोरड्यावर उभे राही व सुतार-लोहारांस त्याच्या तळापर्यंत हात घालता येई. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी पेशव्यांच्या साह्याने विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंगऱ्याचे आरमार येथेच जळाले. पुढे किल्ला पेशव्यांकडे आल्यावर आनंदराव धुळपांच्या हाताखाली येथे पुन्हा आरमार उभे राहिले. जहाजे गेली, दुसरी आली. पण गोदीची गरज मात्र कोणत्याही धन्यास टळली नाही.

ती का टळली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. लाकडी जहाज समुद्रात उभे असते तेव्हा ते काही काम करीत नसले तरी झिजतच असते. त्याच्या तळास शेवाळ धरते, शिंपल्यांचे थर चढतात आणि वेग कमी होतो. याहून वाईट म्हणजे खाऱ्या पाण्यात शिंपल्यांच्याच जातीचा, पण किड्यासारखा लांबट दिसणारा एक प्राणी असतो. तो लाकडात बारीक छिद्र पाडून शिरतो आणि आतून फळी पोखरीत जातो. बाहेरून पाहणाऱ्यास फळी धडधाकट दिसते. एखाद्या वादळात ती फुटते तेव्हाच आतले पोकळपण उघडे पडते. यावर उपाय एकच होता. ठराविक काळाने जहाज पाण्याबाहेर काढावयाचे, तळ खरवडून काढावयाचा, किडलेल्या फळ्या बदलावयाच्या, सांध्यांत कापूस ठासून वर तेल व राळ यांचा लेप द्यावयाचा. ज्या तांडेलास वाटे की, 'अजून एक सफर करून येऊ, मग पाहू', त्याचे जहाज कधी ना कधी भर समुद्रात त्याला दगा देई.

आपल्या शरीराचेही असेच आहे. अपुरी झोप, वेळी-अवेळी जेवण, सतत एका जागी बसणे, मनावरचा ताण यांचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. मनुष्य चालतो, बोलतो, परीक्षाही देतो; फळी बाहेरून धडधाकटच असते.

कोकणच्या किनाऱ्यास एक मोठा लाभ आहे. येथे विसाव्याची वेळ माणसाच्या मर्जीवर सोडलेली नाही. ती नैऋत्येचा वारा ठरवितो. मुंबईहून कोकणपट्टीत बोटी येत त्या काळी त्याही पावसाळ्यात बंद असत, व चाकरमान्यांस घाटवाटेने फिरून गावी यावे लागे. आजही महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै असे दोन महिने यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी आहे. हा काळ पुष्कळ मासळीच्या वीणीचा असतो, तेव्हा समुद्रासही तेवढीच उसंत मिळते. नौका वर ओढून शाकारल्या जातात, माडाच्या झापांखाली वा ताडपत्रीखाली त्या उभ्या राहतात. तेवढ्या अवधीत फाटलेली जाळी तुणली जातात, यंत्रे उघडून पुसली जातात, घरातील लग्नकार्यांचे हिशेब होतात आणि श्रावणात नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून नव्या हंगामाचा आरंभ होतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही. ज्यांनी आगोटीपूर्वी तांदूळ, मीठ, सुके मासे यांची बेगमी केली असेल त्यांस हा काळ सुखाचा जातो. ज्यांस ती करता आली नाही, त्यांस तो उसनवारीचा जातो. रिकाम्या पोटी मिळालेल्या सवडीस विसावा म्हणणे ही थट्टा होय. म्हणून विसाव्याचा उपदेश करणाऱ्याने आधी समोरच्याच्या डब्यात तांदूळ आहेत की नाहीत, हे पाहावे, असे आमचे मत आहे.

बागायतीची गोष्ट याहून वेगळी नाही. आपल्या देवगड तालुक्याचा हापूस एका वर्षी भरभरून येतो व पुढल्या वर्षी हात आखडतो, ही त्याची जुनी खोड सर्वांस ठाऊक आहे. मागील वर्षी फळे पोसण्यात खर्च झालेली शक्ती झाड भरून काढीत असते. हल्ली औषध घालून दरवर्षी मोहोर आणता येतो. परंतु त्याबरोबर खतपाण्याची जोड दिली नाही तर झाड थकते, हे जाणते बागायतदार सांगतात. आम्ही औषधाचे विरोधी नव्हे. मात्र औषध देऊन खत चुकविणारा हिशेब आम्हांस पटत नाही. चहावर चहा पिऊन रात्र जागविणारा विद्यार्थी नेमके हेच करीत असतो.

आता त्या विद्यार्थ्याचाच हिशेब मांडू. गणिताची भीती बाळगू नका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस दररोज 8 ते 10 तास झोप हवी, असे निद्राशास्त्राचे तज्ज्ञ सांगतात. मध्यम म्हणून 9 धरू. साडेअकरास निजून साडेपाचास उठणाऱ्यास 6 तास मिळतात, म्हणजे रोज 3 तासांची तूट. सोमवारपासून शनिवारपर्यंत ती 18 तास होते. पुऱ्या दोन रात्रींची झोप! रविवारी दोन तास अधिक लोळल्याने हे कर्ज फिटेल काय? शिवाय दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम पुष्कळसे झोपेतच चालते. म्हणजे जो विद्यार्थी झोपेतून दोन तास काढून पाठांतरास देतो, तो एका हाताने पेरतो आणि दुसऱ्या हाताने उपटतो. 'मी परीक्षेपुरताच जागतो', असे आम्हांस नेहमी सांगण्यात येते. परंतु आता चाचणी, सहामाही, शिष्यवृत्ती, शिकवणीची परीक्षा अशी एकामागून एक रांग लागलेली असते. 'परीक्षेपुरते' हा शब्दच निरर्थक झाला आहे.

आणि त्या मोबाईलविषयी दोन शब्द. अभ्यास संपल्यावर विसावा म्हणून मुले तो हाती घेतात. मोठी माणसे तर त्यांच्या आधी घेतात. अंग पडलेले असते खरे, पण डोळे व मन दोन्ही बाजारात उभी असतात. जहाज गोदीत आणून त्यावर माल चढवीत बसण्यासारखेच हे आहे. यापेक्षा खाडीच्या कडेने अर्धा तास चालावे, पोहावे, विटीदांडू खेळावी, आजोबांपाशी बसून भरती-ओहोटीचे गणित शिकावे. काहीच न करता पडवीत बसून पाऊस पाहणे हेही वेळ वाया घालविणे नव्हे. आळशी मनुष्य काम टाळतो. विसावा घेणारा पुढील कामासाठी सिद्ध होतो. दोन्ही पडवीतच बसलेले असतात, म्हणून लोकांचा घोटाळा होतो.

इतके वाचून पुष्कळ पालक म्हणतील, 'हे सर्व खरे, परंतु वेळ कोठून आणावा?' या प्रश्नाचे उत्तर एका पुरुषाच्या चरित्रात आम्हांस सापडले. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. 1848 साली जन्मलेला हा गृहस्थ महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतला, 'दीनबंधु' पत्राचा संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचा पहिला पुढारी. त्या गिरण्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील (सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला) हजारो माणसे राबत होती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. सुट्टी म्हणाल तर सणावाराची. आठवड्याचा विसावा नाहीच. 1884 साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवून हजारो सह्यांचा अर्ज केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, ठरल्या वेळी कामाचा आरंभ व शेवट, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. सहा वर्षे हा झगडा चालला आणि 1890 च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीस सरकारी आधारही मिळाला. ख्रिस्ती शास्त्रात आठवड्यातील एक दिवस विसाव्याचा सांगितला आहे; आपल्याकडे रविवार खंडोबाचा वार. परंतु गिरणीतल्या गड्यास तो धर्मग्रंथातून मिळाला नाही, अर्जातून मिळाला. लोखंडे 1897 साली मुंबईतील प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करीत असता वारले.

या हकिगतीतील मर्म असे. एकट्या कामगारास आपला रविवार घेता आला नसता. तो घरी बसला असता तर सोमवारी त्याच्या यंत्रावर दुसरा उभा दिसता. सर्वांनी मिळून एकाच वेळी थांबावयाचे ठरविले, तेव्हाच प्रत्येकास थांबता आले. गिर्ये येथील गोदीतही कोणतेही जहाज आपल्या पायांनी चढले नाही. भरती लागे, दोर लागत, ओढणारे पुष्कळ हात लागत. म्हणून 'स्वतःची काळजी घे बाई', असे नुसते सांगून मोकळे होणे आम्हांस अपुरे वाटते. ज्याला सांगावयाचे, त्याच्या अंगावरचे काम कोण उचलणार, हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. 2021 साली जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आठवड्यास 55 तास वा अधिक काम करणाऱ्यांस पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्के अधिक असतो. हे पगारी कामाविषयी झाले. चुलीजवळच्या कामास असे कोष्टक कोणी लावीत नाही.

ते लावून पाहू. भारत सरकारने 2019 साली लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दररोज सरासरी 299 मिनिटे घालवितात, आणि जे पुरुष ते करतात ते 97 मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय असे काम मुळी करणारे पुरुष चौघांत जेमतेम एक होते. 299 मिनिटे म्हणजे पाच तास. त्यात रविवार नाही, नारळी पौर्णिमा नाही. उलट नारळी पौर्णिमेस नारळीभात, गणपतीस मोदक, शिमग्यास पाहुणे. ज्या दिवशी सर्वांचे विसाव्याचे, त्या दिवशी तिचे दुप्पट. बंदीच्या दोन महिन्यांत नौका शाकारलेल्या असतात, नाखवा पडवीत जाळे तुणीत बसलेला असतो आणि आत चूल नेहमीसारखीच पेटलेली असते. ही गोष्ट आम्ही कोणास लाजविण्यासाठी लिहीत नाही. परंतु लोखंड्यांच्या अर्जास 140 वर्षे होत असता आपल्याच घरात एक माणूस त्या अर्जाबाहेर राहिले आहे, हे मुलांच्या ध्यानी यावे.

तेव्हा या पाठाचा गृहपाठ असा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका कागदावर आपल्या घरातील सर्वांचे चोवीस तास मांडावे. कोण केव्हा उठते, केव्हा जेवते, कोणाचे जेवण बसून होते व कोणाचे उभ्याने, कोणाच्या दिवसात स्वतःचा म्हणून अर्धा तास आहे. वडिलांचा तक्ता वडिलांस विचारून लिहावा. आईचा तिला न विचारता, दिवसभर पाहून लिहावा, कारण विचारल्यास ती 'मला काय, मी घरीच असते', असेच उत्तर देईल. मग रात्री सर्वांनी मिळून तो कागद वाचावा आणि जेथे तूट अधिक दिसेल तेथून आरंभ करावा. काही घरांत तो आजीच्या दुपारच्या झोपेपासून होईल, काहींत मोठ्या बहिणीच्या अभ्यासाच्या वेळेपासून, कारण पाणी भरण्यास हाक तिलाच येते.

बहुतेक घरी रविवारची संध्याकाळ आईस मोकळी द्यावी लागेल, असा आमचा अंदाज आहे. त्या वेळी पिठीभात, कुळथाची पिठी, भाजलेला बांगडा, जे साधेल ते मुलांनी व वडिलांनी करावे, भांडीही घासावीत. पहिल्या खेपेस भात खाली लागेल. आई उठून स्वयंपाकघरात येऊ पाहील. तिला दाराशीच अडवावे, आणि लागलेला भात मुकाट्याने खावा.