नर्सिंगसाठी सहा लाखांचं कर्ज काढू का?

प्रश्न : महाळुंग्यात कंपनीत कामाला आहे. मुलीला बीएस्सी नर्सिंगला मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश मिळतोय. कर्ज काढू?

उत्तर : दादा, जरा थांबा. दरवर्षी दीड लाख, दहा टक्के व्याज धरलं, तर चार वर्षं शिक्षण आणि वर्षभराची सवलत संपेपर्यंत देणं आठ लाखांवर जातं. दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये. छोट्या खासगी रुग्णालयांत परिचारिकेला किमान २० हजार पगार द्यावा, असं केंद्राच्या समितीने २०१६मध्ये सुचवलं होतं. तेवढा मिळाला (सगळीकडे मिळतोच असं नाही!) तरी निम्मा हप्त्यात. त्यापेक्षा सीईटी देऊन कॅप फेरीतून जा. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास २०२४-२५पासून शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. कोट्यातल्या जागेला ही माफी नाही.