आजचं चिंतन : पहिला गुरू पायाखाली



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय सातवा. एकनाथी भागवत वाचणाऱ्यांनीही सातवाच अध्याय उघडा. नाथांनी याच स्कंधावरची आपली टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली.

प्रसंग ओळखीचा आहे. यदुराजाला एक अवधूत भेटतो. घर नाही, कामधंदा नाही, तरी मजेत. राजा विचारतो, हा आनंद तुम्हाला मिळाला कुठून? अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात वारा आहे, समुद्र आहे, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी सगळे आहेत. पण यादीत पहिलं नाव पृथ्वीचं.

पृथ्वीकडून तो काय शिकला? त्रास देणारे जीवही दैवाच्या अधीन असतात हे ओळखावं, आणि शहाण्याने आपल्या मार्गावरून ढळू नये. संस्कृतात तर पृथ्वीला 'क्षमा' आणि 'सर्वंसहा' अशीच नावं आहेत.

खरं सांगू? हा भाग मला नेहमी अवघड जायचा. गेल्या वर्षी ऑफिसमध्ये एकाने माझं सहा महिन्यांचं काम स्वतःच्या नावावर दाखवलं. जप करताना तोच चेहरा समोर यायचा. अशा वेळी 'पृथ्वीसारखं सहन कर' हे ऐकलं की वाटायचं, म्हणजे पायपुसणं व्हायचं का?

याचं उत्तर मला पोथीसोबत एका जागेनेही दिलं. मुंबईत धारावी बस डेपोसमोर, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जेमतेम ३७ एकर. सायनहून चालत जाता येतं. आत शिरलं की दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधून पायवाटा, फुलपाखरं. पलीकडच्या काठावर बीकेसीच्या काचेच्या इमारती, आणि अलीकडे तुम्ही पक्ष्याचा आवाज कुठून येतोय ते शोधत उभे.

हे जंगल जुनं नाही. इथे पूर्वी शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं. आपण मुंबईकरांनी घरातून जे जे बाहेर फेकलं, त्याचे ढीग इथे पडायचे. उद्यान लोकांसाठी खुलं झालं १९९४ मध्ये.

मी तिथे फिरत होते तेव्हा पुढे एक आई आणि तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा चालले होते. तिने त्याला जागेची गोष्ट सांगितली. तो थांबला, खाली बघितलं आणि म्हणाला, "मग तो कचरा कुठे गेला?"

"कुठे जाणार? खालीच आहे," आई म्हणाली.

मला तर अख्खं प्रवचन ऐकल्यासारखं झालं. कचरा गायब झाला नाही, त्याच्यावर माती आली आणि मातीत मुळं गेली. क्षमा म्हणजे विसरणं असं आपण समजतो आणि विसरता आलं नाही की स्वतःलाच दोष देतो, 'माझी भक्तीच कच्ची.' मंडळी, आठवण खाली राहू शकते. तिच्यावर आपण काय लावतो, हा साधनेचा भाग.

आणि अजून एक. झाडं लावण्याआधी काय झालं असेल? कचऱ्याच्या गाड्या यायच्या थांबल्या. रोज नवा ढीग पडत असता तर कुठलं रोप जगलं असतं? आता अवधूताचं वाक्य पुन्हा वाचा. 'मार्गावरून ढळू नये' असं तो म्हणतो. 'गेट उघडं ठेवा, या आणि टाका' असं तो म्हणत नाही. कुणी रोज अपमान करत असेल, हात उचलत असेल, तर ते थांबवणं, मदत मागणं, दूर होणं हे क्षमेच्या विरोधात नाही. क्षमेची सुरुवात तिथूनच होते. मीही वरिष्ठांना सगळं पुराव्यासकट लिहून दिलं. न्याय अर्धाच मिळाला. पण त्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून जो वेळ मनात जळत होता, तो वेळ सुटला.

पुढच्याच श्लोकात अवधूत डोंगर आणि झाड यांच्याकडे वळतो. त्यांचं सगळं जगणं दुसऱ्यासाठी. क्रम बघा हं : आधी सोसणं, मग देणं. उद्यानातल्या झाडांनी सावली देताना विचारलं नाही की खाली कुणी काय टाकलं होतं.

आजचा अभ्यास, अगदी छोटा :

१. जवळच्या एखाद्या बागेत किंवा टेकडीवर वीस मिनिटं चाला. कानात इअरफोन नको, नाम चालेल.

२. मनातला एक जुना ढीग आठवा. विचारा, गाडी अजून येतेय का? येत असेल तर ती थांबवायला आज कुणाशी बोलायचं ते ठरवा.

३. थांबली असेल, तर त्या जागी एक रोप लावा. एखादं चांगलं काम, ज्याचा त्या माणसाशी काही संबंध नाही.

उद्या दुसरा गुरू, वारा. तोपर्यंत चालताना जरा हळू पाय टाका. ज्याच्यावरून चालतोय, तो पहिला गुरू आहे.

राम कृष्ण हरी!