व्हिसा नको, पण अनुमती हवी
घुमान व करतारपूर यात्रेस निघणाऱ्या भाविकांसाठी माहिती

श्रीक्षेत्र साखरा येथे दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी अनेकजण पुढे औंढा नागनाथ व नर्सी नामदेव या क्षेत्रांकडे जातात. नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेव महाराजांचे जन्मस्थान असल्याने तेथे गेल्यावर पंजाबातील घुमानचा विषय निघतोच. नामदेव महाराजांनी उत्तरायुष्यातील बराच काळ गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे घालविला अशी परंपरा आहे. त्यांची ६१ पदे श्री गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. एप्रिल २०१५ मध्ये घुमान येथे ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर मराठवाड्यातून तिकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. नांदेडहून पूर्णा, परभणीमार्गे अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस ही आपल्या भागातील यात्रेकरूंची नेहमीची गाडी होय.

घुमान ज्या गुरदासपूर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात डेरा बाबा नानक हे सरहद्दीवरील गाव आहे. तेथून पलीकडे, पाकिस्तानातील नारोवाल जिल्ह्यात, रावी नदीकाठी करतारपूर येथील गुरुद्वारा दरबार साहिब आहे. श्री गुरु नानक देवांनी आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे येथे व्यतीत केली आणि १५३९ साली येथेच देह ठेवला. फाळणीनंतर हे स्थान सीमेपलीकडे गेले. अनेक वर्षे भाविक सरहद्दीवर उभे राहून दुर्बिणीतून त्याचे दर्शन घेत असत. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, गुरु नानक देवांच्या ५५०व्या जयंतीनिमित्त, करतारपूर मार्गिका खुली झाली आणि भारतीय यात्रेकरूंना व्हिसाशिवाय तेथे जाण्याची सोय झाली.

'व्हिसाशिवाय' हा एक शब्द सर्वांच्या लक्षात राहिला, पुढची अट राहिली नाही. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. २०२३ साली आमच्या भागातील नऊ जणांचा गट घुमानला गेला होता. करतारपूरला व्हिसा लागत नाही, पारपत्र असले की पुरे, असे आम्ही धरून चाललो होतो. डेरा बाबा नानक येथील प्रवासी इमारतीत आम्हांला ऑनलाइन अनुमतीचा कागद विचारण्यात आला. तो आमच्यापैकी एकाकडेही नव्हता. दोष कोणाचाच नव्हता, आमच्या अपुऱ्या माहितीचा होता. गटात एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. येताना त्यांनी नर्सीच्या कयाधू नदीचे पाणी छोट्या बाटलीत आणले होते. ती बाटली तशीच परत आली. तेव्हापासून कार्यालयात यात्रेची चौकशी करणाऱ्या प्रत्येकास आम्ही हा प्रसंग आवर्जून सांगतो.

सदर अनुमतीस 'इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन', संक्षेपाने 'ईटीए', असे म्हणतात. ती आणि व्हिसा यांतील भेद समजून घ्यावा. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाच्या वकिलातीने पारपत्रावर वा स्वतंत्रपणे दिलेला प्रवेशाचा परवाना. ईटीएमध्ये वकिलातीकडे जावे लागत नाही, मुलाखत नसते, पारपत्र कोणाकडे ठेवावे लागत नाही. परंतु आपण कोण, कोणत्या पारपत्रावर, कोणत्या दिवशी येणार, हे आगाऊ कळवून होकार मिळवावा लागतो. हा होकार नसेल तर व्हिसामाफीचा काहीही उपयोग होत नाही.

करतारपूरच्या बाबतीत हा होकार कसा मिळतो हे कळले म्हणजे घाई का चालत नाही तेही उमगते. नोंदणी आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर करावयाची असते. त्यानंतर स्थानिक पोलिसांकडून पडताळणी होते. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी उभय देशांत झालेल्या करारानुसार, भारत यात्रेकरूंची यादी प्रवासाच्या दहा दिवस आधी पाकिस्तानला देतो आणि पाकिस्तान चार दिवस आधी उत्तर कळवितो. मग यात्रेकरूस भ्रमणध्वनीवर व ई-मेलवर संदेश येतो आणि अनुमतिपत्र काढून घेता येते. म्हणजे गाडीचे आरक्षण दोन महिने आधी करणाऱ्याने नोंदणी मात्र अमृतसरला पोचल्यावर करीन म्हटले, तर ते शक्य नाही. तसेच ज्या तारखेची नोंद, त्याच तारखेस जावे लागते. सकाळी जाऊन त्याच दिवशी परतावयाचे असते व गुरुद्वारा परिसराबाहेर जाता येत नाही.

यात्रेकरू कोणत्याही धर्माचा असला तरी चालतो. १३ वर्षांखालील मुले व ७५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींनी गटातूनच जावे असा नियम आहे. बरोबर जास्तीत जास्त ११,००० रुपये आणि पिण्याच्या पाण्यासह ७ किलोपर्यंत सामान नेता येते. नोंदणीसाठी भारत सरकार कोणतेही शुल्क घेत नाही. पाकिस्तानच्या बाजूने प्रत्येक यात्रेकरूकडून २० अमेरिकी डॉलर सेवाशुल्क घेतले जाते. 'नोंदणी करून देतो' म्हणून मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहावे. सरकारी पोर्टलच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो, तो पाहिल्याशिवाय पारपत्राची माहिती कोठेही भरू नये.

सर्वांत अधिक अर्ज अडतात ते नावामुळे. आपल्याकडे सातबाऱ्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत नवऱ्याचे नाव मध्ये आणि माहेरच्या कागदांवर निराळेच नाव, अशी स्थिती असते. पारपत्रात आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे वा पतीचे नाव दुसऱ्या रकान्यात असते. अर्जात अक्षर न् अक्षर पारपत्राप्रमाणेच भरावे, घरात काय म्हणतात त्याप्रमाणे नव्हे. जन्मतारखेचेही तेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली असेल आणि तीच पारपत्रावर आली असेल, तर या अर्जापुरता आपला जन्म १ जूनचाच समजावा. (प्रस्तुत लेखकाचाही तोच आहे.)

आता महत्त्वाची सूचना. ही मार्गिका कोविडमुळे १६ मार्च २०२० रोजी बंद झाली होती आणि १७ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कराराची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढविण्यात आली. परंतु ७ मे २०२५ पासून भारताच्या बाजूने ती बंद ठेवण्यात आली. वर उल्लेखिलेल्या आजींनी नातवंडांसह सुट्टीत जाण्याचे ठरवून या वेळी रीतसर नोंदणी केली होती. तारीख होती १२ मे २०२५. तेव्हा आरक्षण करण्यापूर्वी मार्गिका सुरू आहे की नाही, याची खात्री गृह मंत्रालयाच्या पोर्टलवरच करावी. कोणाच्या तोंडी माहितीवर, आमच्याही नव्हे, विसंबू नये. मार्गिका बंद असली तरी घुमानची यात्रा होतेच, तिला पारपत्रही लागत नाही.

इतर देशांविषयी थोडक्यात. पशुपतिनाथ व मुक्तिनाथ यात्रेस नेपाळमध्ये भारतीयांना व्हिसा वा ईटीए लागत नाही. मात्र पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ हवे. आधार कार्डाची सवलत केवळ ६५ वर्षांवरील व १५ वर्षांखालील व्यक्तींना दिली गेली आहे. श्रीलंकेत २०१२ पासून ऑनलाइन अनुमतीची पद्धत आहे. थायलंडने १ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांना येण्यापूर्वी ऑनलाइन माहितीपत्र भरणे आवश्यक केले आहे, ते व्हिसामाफी असलेल्यांनाही लागू आहे.

आपल्या संस्थानचे काही देणगीदार परदेशी स्थायिक असून त्यांच्याकडे त्या त्या देशाचे पारपत्र आहे. त्यांना भारतात येण्यासाठी ओसीआय कार्ड असल्यास व्हिसा लागत नाही. ते नसल्यास ई-व्हिसा काढावा. करतारपूरसाठी ओसीआय कार्ड व परदेशी पारपत्र दोन्ही बरोबर ठेवून वरीलप्रमाणेच नोंदणी करावी लागते. अमेरिकी पारपत्रधारक येता-जाता ब्रिटनमध्ये मुक्काम करणार असतील तर ८ जानेवारी २०२५ पासून त्यांना तेथील ईटीए घ्यावी लागते. परंतु त्यांच्यासमवेत भारतीय पारपत्रावर जाणाऱ्या आई-वडिलांना ही सोय नाही, त्यांना ब्रिटनचा व्हिसाच लागतो. एकाच कुटुंबातील माणसांना दोन निराळे नियम लागतात, हे विमानतळावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

अनुमतिपत्राच्या दोन छापील प्रती काढून एक पारपत्रासोबत व दुसरी सोबतच्या व्यक्तीकडे ठेवावी. केवळ भ्रमणध्वनीवर विसंबू नये, प्रवासात त्याची बॅटरी संपते. ज्यांना अर्ज स्वतः भरणे जमत नाही त्यांनी मूळ पारपत्र घेऊन संस्थानच्या कार्यालयात यावे. नाव व जन्मतारीख पारपत्राशी ताडून पाहण्यास आम्ही मदत करू. त्याबद्दल कोणतेही शुल्क आकारले जात नाही.

— सचिव, संस्थान कार्यालय, साखरा, जि. हिंगोली