छापलेली चंद्रकोर

धाराशिव

प्रिय बेटी,



मशिदीशेजारच्या खोलीत चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी तू संध्याकाळचा हस्तकलेचा वर्ग सुरू करते आहेस, हे ऐकून समाधान वाटलं. तू पाठवलेली उपक्रमांची यादीही नीट वाचली. मशिदीचं छापील चित्र रंगवणं, छापील चंद्रकोरीवर चमकी चिकटवणं, डाळ-तांदळानं ‘बिस्मिल्लाह’ लिहिणं, थर्माकोलचा काबा, ईदचं भेटकार्ड, कागदी जाळी, मातीकाम. यातले निम्मे उपक्रम मी काढून टाकीन. विषय दीनशी जोडलेला आहे ना, एवढं पाहून तू निवड केलेली दिसते. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आधी पाहायचं ते हे, की काम करताना त्याला स्वतःला काय ठरवावं लागलं. घडी कुठं घालायची, कातरायचं किती, पट्टी वरून न्यायची की खालून, माती ओली हवी की कोरडी, असा एखादा तरी निर्णय मुलाच्या हातून झाला, तर तो उपक्रम शिकवणारा. सगळे निर्णय कागद छापणाऱ्यानं आधीच घेऊन टाकले असतील, तर मुलाच्या वाट्याला नुसती हमाली उरते. मग त्या कागदावर मशीद असो की मिकी माउस.

चंद्रकोरीचंच बघ. बाजारातल्या छापील चित्रात कोर उभी असते आणि तिच्या दोन टोकांच्या मधे, अगदी पोटात, एक चांदणी असते. आता विचार कर. कोरीच्या पोटातली ती काळी जागा म्हणजे चंद्राचाच न उजळलेला भाग. तिथं चंद्राचा गोळा असतो, तेव्हा त्याच्या पलीकडची चांदणी दिसणार कशी? दुसरं असं, की आपला जिल्हा विषुववृत्तापासून फार लांब नाही, अठरा अंशांच्या आसपास आहे. इथं ईदचा चंद्र सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो तो बहुतेक वेळा होडीसारखा आडवा पडलेला, टोकं वर केलेली. उजळलेली बाजू खाली, जिकडं सूर्य बुडाला तिकडं. छापील उभ्या कोरीत चमकी भरणारं मूल गच्चीवरचा खरा चंद्र पाहून गोंधळेल, नाही तर पाहणंच सोडून देईल. त्यापेक्षा काळ्या कागदाचे तुकडे आणि पांढरा खडू दे. चंद्र दिसला त्या रात्रीपासून रोज घरी पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन, जसा दिसला तसा काढायचा. ढगाच्या दिवशी कागद कोराच ठेवायचा. पौर्णिमेनंतर चंद्र उशिरा उगवू लागेल आणि लहान मुलं झोपी गेलेली असतील, म्हणून पहिले चौदा-पंधरा दिवस पुरेत. हिजरी महिना कधी एकोणतीस दिवसांचा तर कधी तीसचा का होतो आणि चांदरातीला मोठी माणसं आकाशाकडं डोळे लावून का बसतात, याची पहिली समज या काळ्या कागदांवर येते. खर्च एका खडूचा.

दुसरा मुद्दा हाताचा. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली छोटी हाडं अजून पूर्ण हाडं झालेली नसतात. जन्मतः ती कूर्चेची असतात, एकेक करून घट्ट होत जातात आणि हे काम चांगलं दहा-बारा वर्षांपर्यंत चालतं. आपल्या मुलांच्या हातावर लिपींचं ओझं तर इतरांपेक्षा जास्त. घरात दख्खनी बोलायची, शाळेत मराठी किंवा उर्दू, मकतबमध्ये अरबी, वर इंग्रजी. एक लिपी डावीकडून उजवीकडं, दुसरी उजवीकडून डावीकडं. ‘अभ्यासाचा वेळ हस्तकलेत जातो’ अशी तक्रार पालक करतील तेव्हा हेच सांग. कागद फाडणं, माती मळणं, पट्ट्या विणणं यांतून बोटांना जी पकड येते तीच पुढं लेखणी धरते. पेन्सिल लवकर हातात कोंबली म्हणून अक्षर लवकर वळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा महागड्या साहित्याऐवजी गावातले खडे, बिया, पानं यांनाच शिक्षणाचं साधन केलं. मराठीत बालशिक्षणाचा इतका चांगला वस्तुपाठ घरातच असताना आपण मोबाइलवरून परदेशातल्या मुलांसाठी बनवलेले नमुने का उतरवून घेतो, हे मला कळत नाही.

लेखणीचा विषय निघालाच आहे, तर सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी एक सुंदर उपक्रम सुचवतो. दहाव्या शतकात बगदादला इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. अरबी अक्षरांची मापं त्यानं ठिपक्यांवर बसवली. बोरूचं टोक कागदावर टेकवलं की चौकोनी ठिपका उमटतो. अलिफची उंची अशा किती ठिपक्यांची, त्यावरून बाकीच्या अक्षरांचं प्रमाण. आजही खत्ताती, म्हणजे सुलेखन, शिकणारा याच मापानं शिकतो. तू मुलांना तिरपा छाटलेला बोरू आणि पातळ शाई दे. अलिफ काढायचा आणि त्याच्या शेजारी एकाखाली एक ठिपके मांडून तो किती ठिपक्यांचा झाला ते मोजायचं. एकाचा पाच ठिपक्यांचा, दुसऱ्याचा नऊचा. कुणाचाही चूक नाही. मग सगळे मिळून सात ठिपक्यांचा काढून बघू म्हणायचं. मोजणी, प्रमाण आणि अक्षर तिन्ही एका बैठकीत. बोरू परका वाटायचंही कारण नाही, आपल्याकडची मोडी दप्तरं त्यानंच लिहिली गेली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र घड्या आणि आकृत्यांना दे, कारण आपल्या परिसराचं खरं धन तिथं आहे. विजापूरचा गोलघुमट सोलापूरच्या पुढं शंभरेक किलोमीटरवर. महंमद आदिलशहाची ही कबर. खालची खोली चौकोनी आणि वर एवढा प्रचंड गोल घुमट. चौकोनावर गोल बसवायचा कसा? कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी अशा उभ्या केल्या, की एका चौकोनावर दुसरा तिरका ठेवावा तशी आठ टोकांची चांदणी तयार झाली. तिच्या आत अष्टकोन उरला आणि त्यावर घुमट टेकला. तुझ्या वर्गातल्या पाच वर्षांच्या मुलाला दोन रंगांचे दोन सारखे चौकोन दे. एक सरळ ठेव म्हण, दुसरा त्याच्यावर टाकून फिरवत राहा म्हण. कुठं थांबल्यावर सगळी टोकं सारखी दिसतात ते त्याचं त्याला सापडू दे. सापडलं की खळीनं चिकटवायचं. आपण ज्याला इस्लामी नक्षी म्हणतो तिचं बरंचसं व्याकरण या दोन चौकोनांत आहे. मग तशाच एका कागदाला घडीवर घडी घालून कोपरे कातरले की जाळी होते. दर्ग्याच्या खिडकीला असते तशीच. उघडण्याआधी मुलांना विचार, भोकं किती पडली असतील? उत्तर चुकेल, तेच हवं. नळदुर्गचा किल्ला तुझ्या हाताशी आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. मुलांना एकदा तिथं नेलंस तर कमानी मोजायला सांग, छायाचित्रं काढायला नको.

आता आक्षेप. पहिला तुला मौलवीसाहेबांकडून नाही, तर एखाद्या आईकडून येईल: चित्र काढणं जायज आहे का? मी आलिम नाही, फतवा देणार नाही. पण माहीत असायला हव्यात अशा दोन गोष्टी आहेत. सजीवांच्या चित्रांविषयी कडक हदीस आहेत हे खरं. पण त्याच हदीस-संग्रहांमध्ये हजरत आयशा यांच्या बाहुल्यांचाही उल्लेख आहे आणि मुलांच्या खेळण्यांना पुष्कळ उलेमांनी मोकळीक दिली ती त्याच आधारावर. दुसरं, चित्रं काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला इब्न अब्बास यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितल्याचं बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे. म्हणजे वाट बंद नाही, वळवलेली आहे, आणि त्याच वाटेनं मुस्लिम कारागिरांनी वेलबुट्टी, अक्षर आणि भूमिती यांचं एवढं मोठं घराणं उभं केलं. तुझे उपक्रम नक्षीचे, झाडाचे, चंद्राचे ठेव, वाद येणारच नाही. तरीही एखादं पोर शेळी काढणारच. उस्मानाबादी शेळीच्या मुलखातलं पोर शेळी नाही काढणार तर काय काढणार? तो कागद फाडू नकोस, ओरडू नकोस. घरच्यांना नको असेल तर तो भिंतीवर लावू नकोस, एवढं पुरे.

मला खरा धोका दिसतो तो तुझ्या ‘बिस्मिल्लाह’मध्ये. डाळ-तांदूळ चिकटवलेला तो पुठ्ठा आठवड्यात कीड धरेल, आणि मग? कचऱ्यात टाकायचा, की गटारीच्या कडेला? एकीकडं अल्लाहचं नाव, दुसरीकडं रिझ्क म्हणजे अन्न, दोन्हींचा अदब एका उपक्रमात जातो. थर्माकोलच्या काब्याचंही तेच. चार दिवसांनी तो कुणाच्या तरी पायाखाली येतो. ज्या वस्तूचा शेवट ठरलेला नाही तिच्यावर पाक नाव लिहून घेऊ नये, असा नियमच कर. म्हणून तर वर अलिफ म्हणालो, सुटं अक्षर. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद पट्ट्यांच्या चटईला उत्तम असतो आणि गावात फुकट मिळतो, पण पत्रिकेच्या माथ्यावरची पाक नावाची ओळ आधी स्वतः कापून वेगळी ठेव. उर्दू वर्तमानपत्रांच्या रद्दीचीही तीच गोष्ट.

सगळ्यात वजनदार आक्षेप गरीब बापाचा असेल आणि त्याला हसून टाळू नकोस. गॅरेजमध्ये, शिलाई यंत्रावर, बेकरीच्या भट्टीशी दिवस काढणारा माणूस म्हणेल, ‘आम्ही हातानंच राबतोय पिढ्यान्‌पिढ्या, पोराच्या हातात तरी पुस्तक द्या.’ हा प्रश्न नवा नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले डॉ. झाकिर हुसेन. जन्म हैदराबादचा. आपला जिल्हाही १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. मुस्लिम लीगनं त्या योजनेला जोरदार विरोध केला, त्याची कारणं बरीचशी राजकीय होती. पण खुद्द झाकिर हुसेन यांनाही एक काळजी होती: मुलांच्या हातच्या मालावर शाळेचा खर्च काढायचा म्हटलं, तर शिक्षक मुलांना राबवून घेईल. समितीच्या अहवालातही कमाईच्या नादात शिक्षण मागं पडू नये असा इशारा आहे. ती योजना सात वर्षांवरच्या मुलांची, तुझी मुलं त्याहून लहान, तरी इशारा तुलाही लागू आहे. तुझ्या वर्गातली एकही वस्तू विकायची नाही, मेहंदीच्या कोनांचा किंवा कागदी फुलांचा मेळा भरवायचा नाही, कुणाची वस्तू सुबक म्हणून बक्षीस द्यायचं नाही. त्या बापाला वर्गात बोलव, त्याच्याच शिलाईतल्या चिंध्या मागून घे आणि त्याच्यासमोर मुलाला चौकोन घडी करून त्रिकोण करू दे. कापड तिरकं बेतलं की ताणतं हे तो रोज हाताळतो. आपल्या हातातलं ज्ञान पुस्तकातल्या ज्ञानाचाच भाग आहे, हे त्याला तिथं दिसेल. मुलींना शिवण आणि मुलांना पुठ्ठ्याचं काम अशी वाटणी मात्र होऊ देऊ नकोस.

कुणी असंही म्हणेल की मुसलमान मुलांसाठी निराळी हस्तकला कशाला, अशानं ती वेगळीच पडतील. वर्ग मशिदीशेजारी असल्यानं येणारी मुलं आपसूक आपली असतील, पण जाळीची घडी आणि शेजारच्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी या एकाच गणिताच्या आहेत. दोन्हींत एक तुकडा ठरवायचा आणि तो फिरवत किंवा उलटवत न्यायचा. शेजारची मुलं दाराशी रेंगाळली तर आत घे.

साहित्याचं थोडक्यात. गव्हाच्या पिठाची खळ, रद्दी, चिंध्या, खडू, बोरू. मातीकामाला नुसती काळी माती घेऊ नकोस. ती वाळताना आकसते आणि मुलांनी केलेल्या वाट्या रात्रीत तडकतात. तिच्यात चाळलेली वाळू आणि थोडी राख मळून घे. प्रमाण मुलांनाच शोधू दे, दोन-तीन गोळे वेगवेगळे करून उन्हात ठेवले की कळतं.

कात्र्या बोथट टोकाच्या घे. दोघातिघांत एक पुरे, थांबणंही शिकतात. एखादं मूल डावखुरं निघेल. घरी त्याला उजव्या हातानं जेवायला शिकवत असतील, ते योग्यच, पण जेवणाचा अदब कात्रीला लावायचं कारण नाही. आपली साधी कात्री डाव्या हातात कापत नाही, कारण त्या हाताच्या दाबानं पाती एकमेकांपासून दूर जातात. त्यात मुलाचा दोष नाही. डाव्या हाताची कात्री मिळेपर्यंत त्याला कागद घडीवर नखानं दाबून फाडायला शिकव. आठ टोकांची चांदणी तशीही होते, कडा थोड्या दातेरी राहतील.

तुझा,
मामू