हलकी घे, पण सगळ्यात हलकी नको

अगं, दुकानात दोन तास उभी राहून तू चौदा स्की उचलून पाहिल्यास आणि रिकाम्या हाताने घरी आलीस, हे ऐकून मला हसूच आलं. तुला नाही गं, मलाच हसले. इन्सब्रुकमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी मेथीची जुडी उचलावी तशा स्की तोलल्या आणि सगळ्यात हलकी जोडी घेऊन आले. एकेक स्की किलोभरही नव्हती. स्की टूरिंगमध्ये डोंगर आधी स्कीवरूनच चढायचा ना, तर चढताना मी नुसती तरंगत होते! वर पोचल्यावर कळलं, की आदल्या दिवशी फ्यॉन वारा येऊन गेलाय. या गरम वाऱ्याने वरचा बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. खाली भुसभुशीत, वर कडक पापुद्रा, दुधावर साय धरते ना, अगदी तसा. त्या पापुद्र्यात माझी काडीसारखी स्की अशी काही थडथडली, की निम्मा उतार मी बसूनच उतरले.

म्हणून सांगते, चढताना दम लागला तर थांबता येतं, डबा उघडून लाडू खाता येतो. उतरताना मात्र पाय थकलेले असतात आणि बर्फ काही तुला विचारून बदलत नाही. सावलीत भुसा, वळणावर काच, खाली ओला चिखल, सगळं एकाच उतारावर! तेव्हा निवड करताना त्यातला सगळ्यात वाईट बर्फ डोळ्यांपुढे आण.

आता आकडे, घाबरू नकोस. कंबर बघ, स्कीची बरं का, तुझी नाही. पायाखालची ही रुंदी 85 ते 90 मिलिमीटर असू दे. 80च्या आतली स्की वसंतातल्या कडक बर्फावर झकास चालते, पण ताज्या बर्फात रुतते. 100च्या पुढची तरंगते खरी, पण गोठलेला उतार आडवा कापताना घोट्यांचा जीव काढते. वजन एका स्कीला 1200 ते 1400 ग्रॅम. लांबी तुझ्या उंचीपेक्षा पाच-दहा सेंटीमीटर कमी, म्हणजे चढावर जागच्या जागी वळताना पाय गुंतायचे नाहीत. आणि दोन्ही स्की तळाला तळ लावून धर. मधे बारीक फट दिसली तर कमान आहे, बर्फावर कड नीट धरेल.

बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग पिनांचंच घे. फ्रिट्झ बार्थेल नावाच्या इथल्याच माणसाने 1980च्या दशकात ते काढलं आणि टूरिंगचं ओझंच उतरवलं. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा हे दुकानदार तुझं वजन वगैरे विचारून ठरवतो. तेव्हा वजन खरं सांग हं, दोन किलो गाळायची ही जागा नव्हे!

चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची स्किन मोहेर आणि नायलॉन मिश्र घे. मोहेर सरकतं छान, नायलॉन पकडतं छान. तिची चिकट बाजू मात्र जप. मी एकदा पोळ्या झाल्यावर ओट्यावर वाळत टाकली आणि सगळं पीठ तिला चिकटलं. पुढच्या रविवारी अर्ध्या चढावर स्किन गळून पडली आणि मी कणीक खरवडत बसले.

खरं सांगू का, पैसे मोजकेच असतील तर आधी बुटांवर घाल. स्की भाड्याने मिळते, पण दुसऱ्याच्या मापाचा बूट दिवसभर पायात? नको गं बाई. बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढायला लागणारे बीकन, फावडं आणि प्रोब यांत मात्र काटकसर करायची नाही, आणि आदल्या संध्याकाळी हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. यावर मी वाद ऐकणार नाही.

शनिवारी येते मी तुझ्याबरोबर. पातळ मोजे घालून ये. आईने विणलेले ते जाड लोकरी घरीच ठेव, त्यांनी बुटाचं माप एका नंबराने चुकतं. माझं चुकलं होतं.