व्हिस्कीच्या गावात पेग का मिळत नाही?

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे नॅशव्हिलला गेलो होतो. एका शनिवारी सगळे मिळून लिंचबर्गची जॅक डॅनियल डिस्टिलरी बघून आलो. सोबत दहा वर्षांची नात होती, तिलाही आत सोडलं. संध्याकाळी गावातल्या एका हॉटेलात ह्यांनी तिथलीच व्हिस्की मागितली, तर उत्तर मिळालं, "आमची काउंटी कोरडी आहे." ही पर्यटकांना सांगायची गंमत, की खरंच तसा कायदा आहे? आणि असेल तर डिस्टिलरीच्या आवारात बाटल्या कशा विकतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कायदा खरा आहे. त्याची गंमत करून सांगण्यात कंपनीही मागे नाही.

अमेरिकेत देशभरातली दारूबंदी १९२० ची, पण टेनेसी राज्यानं दारू गाळणं १९१० पासूनच बंद केलं होतं. जॅक डॅनियल १९११ मध्ये वारला. तो अविवाहित, धंदा त्याआधीच भाच्याकडे, लेम मॉटलोकडे गेला होता. १९३३ मध्ये देशाची बंदी उठली तरी राज्याची उठली नव्हती, त्यामुळे लिंचबर्गची भट्टी थंडच राहिली. मॉटलो राज्याच्या सिनेटवर निवडून गेला, कायदा बदलण्यासाठी झटला आणि १९३८ मध्ये पुन्हा व्हिस्की गाळायला लागला.

पण परवानगी मिळाली ती गाळण्याची. विकण्याची गोष्ट वेगळी, ती काउंटीच्या मतदारांच्या हातात. आपल्याकडे चालू दुकान बंद पाडायला बायका आडव्या बाटलीला मत देतात. तिथे बाटली आधीपासूनच आडवी. ती उभी करायची तर मतदान लागतं. आणि लिंचबर्गची ही मूर काउंटी केवढी, तर साडेसहा हजारांच्या आसपास वस्तीची. कंपनीचं गिऱ्हाईक जगभर पसरलेलं, तिला गावातल्या चार दुकानांची काय पडली आहे? उलट 'कोरड्या गावची व्हिस्की' ही फुकटची जाहिरात. लेबलावरही कितीतरी वर्षं लिंचबर्गची लोकसंख्या ३६१ अशीच छापत असत.

आवारातल्या बाटल्यांसाठी राज्यानं नंतर पळवाट काढून दिली. तिथली बाटली 'स्मरणवस्तू' म्हणून विकतात. आतली व्हिस्की मात्र व्हिस्कीच असते.

नातीला आत सोडलं यात नवल नाही. चव देणाऱ्या फेरीला एकवीस वर्षांची अट असते, नुसत्या बघण्याच्या फेरीला नाही. आणि मुलांना बघायला तिथे पुष्कळ आहे. गुहेतून येणारा झरा बारा महिने साधारण १३ अंशांवर असतो. चुनखडीतून झिरपलेल्या त्या पाण्यात लोह नसतं. असतं तर व्हिस्कीचा रंग आणि चव दोन्ही बिघडली असती. मग साखरी मेपलच्या फळ्यांची चळत रचून ती पेटवतात आणि कोळसा करतात. त्या कोळशाच्या दहा फुटी थरातून ताजी दारू थेंबथेंब पाझरू देतात. त्या पिंपाचं झाकण वाटाड्या क्षणभर उचलतो तेव्हा जो भपकारा येतो, त्यानं न पिणाऱ्याचेही डोळे चुरचुरतात. गोदामांभोवतीच्या झाडांची काळी खोडं पाहिलीत? ती काजळी नव्हे. पिंपांतून उडणाऱ्या मद्यार्कावर वाढणारी ती बुरशी आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक नाव सांगतो : निअरेस्ट ग्रीन. डॅन कॉल नावाच्या पाद्र्याच्या शेतावर हा गुलाम दारू गाळायचा आणि पोरसवदा जॅक त्याच्या हाताखाली शिकला. गुलामी संपल्यावर जॅकच्या डिस्टिलरीचा पहिला प्रमुख गाळणारा तोच झाला. हे गावाला ठाऊक होतं, त्याच्या वंशजांना ठाऊक होतं. कंपनीनं मात्र उघडपणे सांगायला २०१६ साल उजाडावं लागलं. जॅकनं रागानं तिजोरीला लाथ मारली आणि त्या जखमेनंच तो वारला, ही आख्यायिका मात्र वाटाडे त्याच्या कितीतरी आधीपासून रंगवून सांगत आले आहेत.

दुपारी जेवलात कुठे, ते लिहिलं नाहीत. मिस मेरी बोबोच्या जुन्या खानावळीत लांबलचक टेबलाभोवती अनोळखी माणसांसोबत बसून जेवला असाल, तर वाडग्यातून फिरत आलेली गोड शिजवलेली सफरचंदं आठवत असतील. ती तिथे व्हिस्की घालून करतात. शिजताना बरीचशी उडून जाते म्हणा, पण तुमच्या ह्यांना संध्याकाळी जी मिळाली नाही, ती नातीच्या ताटात दुपारीच येऊन गेली असेल.