कोळंबीच्या तळ्यातील पाण्याची निगा

खाडीकाठच्या पडीक जागेत ज्यांनी निमखाऱ्या पाण्याची तळी घालून कोळंबी धरली आहे, त्यांजकडून एकच गाऱ्हाणे वारंवार ऐकू येते: बीज पारखून आणले, खाद्य उंची घातले, आणि तिसऱ्या महिन्यात एका पहाटे सारा माल काठाशी येऊन पडला. अशा वेळी संशय प्रथम रोगावर जातो. तो निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने १९९४ पासून आपल्या देशात कोळंबीवाल्यांचे केवढे नुकसान केले ते सर्वश्रुत आहे. तथापि रोगाचे नाव घेण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी. गोठ्यातील शेण आपण रोज सकाळी उचलून उकिरड्यावर टाकतो. तळ्यातले शेण उचलावयास कोणी नसते. कोळंबी ज्या पाण्यात श्वास घेते त्यातच तिची विष्ठा व उष्टे खाद्य कुजत असते.

याचा हिशेब शेतकऱ्यास सहज कळण्याजोगा आहे. शंभर किलो खाद्य घ्या. त्यात ३५ टक्के प्रथिने धरली, तर प्रथिनांचा सुमारे सहावा हिस्सा नत्र असल्यामुळे साडेपाच किलोंवर नत्र तळ्यात पडले. त्यातील चौथा, फार तर तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेले चार किलोंच्या आसपास नत्र बहुतेक अमोनियाच्या रूपाने पाण्यात व गाळात उतरते. म्हणजे २० किलो अमोनियम सल्फेट तळ्यात ओतल्यासारखेच झाले! दाट पाळलेल्या एक हेक्टर तळ्यास शेवटच्या महिन्यात एवढे खाद्य एका दिवसास लागू शकते.

या अमोनियाचा काही भाग पाण्यातील सूक्ष्म हिरवी वनस्पती खाते. बाकीच्याची वाट जमिनीतल्याप्रमाणेच जंतू लावतात: एक जात त्याचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. मुंबई-पुण्याकडील जे हौशी लोक घरी काचेच्या टाकीत खारे पाणी भरून प्रवाळ व मासे ठेवतात, ते नवी टाकी चार-सहा आठवडे या जंतूंसाठीच राखतात, व मगच तीत मोलाचा जीव सोडतात. तळेवाल्याने हा धीर त्यांजपासून घ्यावा. पण जंतूंची ही मजुरी फुकट होत नाही. एक किलो अमोनिया-नत्रामागे ते साडेचार किलो प्राणवायू व सात किलो चुनखडीएवढा क्षारांश खर्च करतात. वरचे चार किलो सगळे त्यांच्याकडे गेले, तर १८ किलो प्राणवायू व २८ किलो चुनखडी रोजची झाली. पाण्यातला हा अंश, ज्यास अल्कता म्हणतात, लिटरास १०० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये.

अल्कता घटली की सामू स्थिर राहत नाही. दिवसा हिरवी वनस्पती कार्बन डायऑक्साइड ओढून घेते व सामू चढतो. रात्री तो उतरतो. दिवसाकाठी अर्ध्या अंशाहून अधिक हेलकावा नसावा, आणि सामू साडेसात ते साडेआठ यांमध्ये राहावा. अमोनियाचे विष सामूवर अवलंबून आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्याकडील उष्ण पाण्यात सामू सात असता शंभरातील एक भागही अमोनिया विषारी रूपात नसतो. आठ असता सहा-सात भाग, आणि नऊ असता सुमारे चाळीस भाग तसा असतो. म्हणून पिशवीतल्या रसायनाने अमोनिया मोजून स्वस्थ बसू नये. त्याच वेळचा सामूही टिपावा. आणि कळीचा चुना पिकत्या तळ्यात टाकू नये. त्याने सामू एकदम उसळतो व निरुपद्रवी अमोनियाचे विष होते. तो रिकाम्या तळ्याच्या तळास ठीक. उभ्या मालास चुनखडीची भुकटी द्यावी, ती सामू फार वर नेत नाही.

प्राणवायूची परीक्षा पहाटेची. तीस अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात लिटरास साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडा वर. म्हणजे खाऱ्या पाण्याची शिल्लक मुळातच कमी. रात्रभर कोळंबी, जंतू व वनस्पती तिघेही तीतून खातात. चार मिलिग्रॅमखाली आकडा आला की एरेटर वाढवावेत. तिनाखाली आला तर त्या सकाळी खाद्य बंद. पाण्यात सोडलेली काळी-पांढरी तबकडी ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हावी. पंचविसाच्या आतच दिसेनाशी झाली तर वनस्पती माजली असे समजावे, व ढगाळ दिवसाची विशेष धास्ती बाळगावी.

पावसाळ्यात गोडे पाणी हलके म्हणून वर तरते व खालचे खारे पाणी कोंडते. उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचा थर सोडून द्यावा व एरेटर चालू ठेवावेत. खारेपणा उतरला की नायट्राइटही अधिक बाधते, कारण मिठातील क्लोराइड त्यास कल्ल्यांतून शिरू देत नाही.

पाणी बदलले की झाले, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हास तो पटत नाही. खाडीतून येणाऱ्या पाण्याबरोबर शेजाऱ्याचा रोगही येतो. पाणी घ्यावयाचेच तर आधी निराळ्या साठवण-तळ्यात घेऊन, निर्जंतुक करून घ्यावे. खरा उपाय खाद्याच्या हाती आहे: तळाशी जाळीच्या परड्या ठेवून दोन तासांनी वर काढाव्यात, आणि दाणा उरलेला दिसला की पुढची पाळी त्या प्रमाणात तोडावी. हे काम गड्यावर सोपवू नये. त्यास पोते रिकामे करण्याची घाई असते.

वापरलेले पाणी कोठे जाते, इकडेही मालकाने पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी शेतजमीन, मिठागरे व खारफुटीची जागा कोळंबीच्या तळ्यांकडे वळविण्यास मनाई केली, आणि २००५ च्या कायद्याने किनारी जलजीवपालन प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक झाली. तळ्याचे खारे पाणी बांधातून पाझरून शेजारच्या भातखाचरात शिरले तर ती जमीन पिकातून उठते. यास्तव बांधाच्या बाहेरून चर खणावा, व माल काढतेवेळचे गढूळ पाणी काही दिवस निवळू देऊन ओहोटीच्या वेळी सोडावे.